फुटपाथवरची घोडी

१२ जानेवारी

आज घोडी आली. लेकीने पाठवलेल्या कागदावर तिचं नाव लांबलचक आहे, पण मी तिला घोडीच म्हणणार. चार चाकं, बॅटरी, बूड टेकायला बैठक आणि उजव्या हाताशी बोटभर दांडी. दांडी पुढे केली की पुढे, मागे ओढली की मागे. वेगाच्या बटणाच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. आवाज जवळजवळ नाहीच. आमच्या फ्रिजला यापेक्षा जास्त धाप लागते.

तीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली. अर्धं शहर माझ्या हाताखालून गेलंय. अजून कुणीतरी गाडीची काच खाली करून 'मास्तर' म्हणून हात करतं. सप्टेंबरात झटका आला, डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. डोकं शाबूत राहिलं आणि जीभही. जीभ जरा जास्तच शाबूत राहिली, असं ही म्हणते. ही म्हणजे बायको. डायरीत तिला कायम 'ही'च म्हणत आलोय, आता कुठे बदलू.

इतके महिने खाटेवरून एकच भिंत बघत होतो. ऑक्टोबरात एकदा हिला म्हणालो, मला असं ठेवण्यापेक्षा तोंडावर उशी दाब. त्या दिवसापासून औषधांचा डबा कपाटावर गेला आणि ही माझ्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपायला लागली.

आज घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट जरा लागली. चौकट मुळातच अरुंद आहे. ही नुसती चौकटीवरून हात फिरवत उभी राहिली.

१६ जानेवारी

बाहेर पडलो! आमचं घर तळमजल्यावर, त्यामुळे जिन्याची कटकट नाही. कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत गेलो आणि परत आलो. ऊन चेहऱ्यावर घेतलं. एका जुन्या विद्यार्थ्याने ट्रक थांबवून सलाम ठोकला. मागच्या मोटारी बोंबलल्या, पण त्याने सलाम पुरा केला.

ही माझ्या डाव्या हाताला चालत होती. म्हटलं, उजवीकडे ये, गप्पा मारता येतील. नको म्हणाली. परतताना मी वळलो, तर ही पळत फिरून पुन्हा डावीकडेच. म्हातारपणी माणसाला कसली कसली खोड लागते.

फुलवालीची बादली सांडली. तिने ती मी जवळ आल्यावर मध्ये सरकवली असणार, कारण आधी तिथे काही नव्हतं. तिने आरडाओरडा केला. हिने हात जोडून फुलं गोळा केली, वर दोन गुच्छ विकत घेतले. चोर सोडून संन्याशाला फाशी!

२५ जानेवारी

जेवणात आज गंमत. ताटातला भात संपला, म्हटलं भाजी कुठाय? हिने ताट फिरवलं आणि भाजी हजर. "जादूचे प्रयोग लाव," म्हटलं, "चार लोक बघायला येतील." ही हसली नाही. तिला विनोद कळेनासे झालेत.

दाढी मी स्वतः करतो. पण नंतर ही येते आणि ब्रश घेऊन गालावर पुन्हा साबण लावते. मी झाली म्हणतो, ती नाही म्हणते. करू दे बापडीला.

३ फेब्रुवारी

आता रोज जातो. घरापासून पालिकेच्या ऑफिसपर्यंत सरळ फुटपाथ आहे. जाताना डावीकडे दुकानं, येताना डावीकडे रस्ता. चांगला रुंद, फरशीचा. मोठ्या मोटारींनी रस्ता घेतला, आमच्यासारख्यांना हा एवढाच पट्टा राहिला. पण त्यावरही आता भाड्याच्या स्कूटर आल्यात. उभ्याने चालवायच्या, बॅटरीवर. कॉलेजची पोरं आणि टाय लावलेले साहेब जिवावर उदार होऊन त्या फुटपाथवरून पळवतात आणि काम झालं की वाटेल तिथे आडव्या टाकतात. इशारा नाही, मागे बघणं नाही. माझ्याकडे शिकायला आले असते तर पहिल्याच दिवशी कान उपटले असते.

एका बाबागाडीला आज जरा लागणार होतं. अचानक समोर आली. आई केवढ्याने किंचाळली! ही मध्ये पडली म्हणून बरं. मी त्या मुलीला समजावलं, बाळाला घेऊन चालताना लक्ष हवं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

९ फेब्रुवारी

हिच्या उजव्या नडगीवर मोठा काळानिळा डाग. विचारलं तर म्हणाली, पलंगाचा कोपरा लागला. त्याखाली जुना, पिवळा पडत आलेलाही एक. म्हटलं, अगं, हाडं तपासून घे, या वयात बायकांना तोल जायचा त्रास होतो. बरं म्हणाली. हल्ली एवढ्या उकाड्यात गुडघ्यापर्यंतचे बूट घालून माझ्याबरोबर येते.

१४ फेब्रुवारी

आमच्या समोरच्या दारात ऑपरेटर राहतो. एका हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसतो, जन्मापासून आंधळा. पांढरी काठी टेकत रोज बसथांब्यावर जातो. काल भाड्याची एक स्कूटर दाराबाहेरच आडवी पडली होती, तिच्यावरून तो पडला. मनगट मोडलं, पुढचा दात गेला. वाईट झालं. ही सूप घेऊन गेली होती.

पण आज कळलं की त्याने पालिकेत अर्ज दिलाय: मोटर लावलेलं कुठलंही वाहन फुटपाथवर नको. कुठलंही! म्हणजे त्या टवाळांच्या स्कूटरबरोबर माझी घोडीही. वीस मार्चला सुनावणी.

मला भयंकर राग आला. मी काही हौसेने बसलो नाही या खुर्चीत.

१५ फेब्रुवारी

ऑपरेटरला दारातच गाठलं. हात गळ्यात बांधलेला, तोंड सुजलेलं. मी सरळ विषयाला हात घातला.

"पाय नसलेल्याने घरात कुजायचं का?"

"मास्तर, तसं कोण म्हणतंय. पण तुमची गाडी कुठे आहे ते मला कळतच नाही. मोटार ऐकू येते, सायकलची साखळी ऐकू येते, चपला ऐकू येतात. तुमचं काहीच नाही. एकदम रबराचा वास येतो, तेव्हा कळतं की तुम्ही अंगावर आहात."

"घंटी बसवतो."

"घंटी तुम्ही माणूस दिसल्यावर वाजवणार."

"मग?"

"आणि नाही दिसला तर?"

मला हसूच आलं. "मला दिसत नाही, असं तुम्ही म्हणताय?"

तो हसला नाही. म्हणाला, "मी बसथांब्यावर उभा असतो. तुम्ही परतताना त्या विजेच्या खांबाला घासता. रोज. एकच खांब, आणि डाव्याच अंगाने. मग तुमच्या घरच्या म्हणतात, अहो, जरा इकडे. खांब तर जागचा हलत नाही, मास्तर."

मी म्हटलं, खांब मला शिकवू नका, मी खांबाला गाडी लावणाऱ्यांना शिकवत आलोय. आणि दार लावून घेतलं. ही आतून ऐकत होती. तिच्या हातातलं भांडं ओट्यावर जोरात आदळलं.

१७ फेब्रुवारी

सोक्षमोक्ष लावायचा म्हणून चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने दोन्ही डोळे तपासले, अक्षरं वाचून घेतली. नंबर तोच. नजर साफ. "या वयात एवढी नजर म्हणजे कमाल," म्हणाला. आता बोला!

परत आल्यावर हिला मुद्दाम दोनदा सांगितलं. ही म्हणाली, "डोळ्यांचा प्रश्न नाहीच आहे." मग कशाचा, विचारलं तर उठून गेली.

२६ फेब्रुवारी

व्यायामवाली मुलगी आली होती. हात-पाय ओढून झाले आणि मग तिने पोरखेळ काढला. कागदावर एक रेघ मारून म्हणाली, काका, मधोमध खूण करा. केली. मग म्हणाली, फूल काढा. काढलं. "झालं?" "झालं." "सगळ्या पाकळ्या?" "आता काय बाग लावू?"

नंतर दाराबाहेर दोघी हळू आवाजात बोलत होत्या, कुणा दुसऱ्याच पेशंटबद्दल. "त्यांना स्वतःला ते कधीच जाणवणार नाही, हाच तर आजार आहे. आपण कितीही सांगितलं तरी त्यांना आपण खोटं बोलतोय असंच वाटतं. गाडी ताबडतोब बंद करा." ही म्हणाली, "बंद केली तर ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपतील. तेव्हाचं तुम्ही पाहिलं नाहीत." मुलगी म्हणाली, "आणि काही झालं तर?" ही म्हणाली, "मी असते बरोबर."

बिचारा कोण असेल तो. गाडी चालवतो म्हणजे मोटारच असणार. अशांना परवाना देतातच कसे?

५ मार्च

भाषणाची तयारी चालू आहे. फुटपाथ पायी चालणाऱ्यांचा, हे मान्य. पण माझे पाय म्हणजे ही चाकं. कुबडीवाल्याला कुणी म्हणतं का, लाकूड फुटपाथवर आणू नका? फरक वेगाचा आहे आणि चालवणाऱ्याच्या अकलेचा आहे. हे वाक्य मला फार आवडलं. हिला ऐकवलं. ही म्हणाली, "पहिला भाग पुरे आहे. दुसरा गाळा."

वर्तमानपत्रवाले हल्ली काय छापतात कोण जाणे. ओळ अर्ध्यातूनच सुरू होते. वाचणं सोडून दिलंय.

११ मार्च

आज खिडकीतून पाहिलं. ही आवारात ऑपरेटरशी बोलत होती. बोलताना तिने हात जोडले. आंधळ्यापुढे हात जोडून काय उपयोग, हे तिच्याही लक्षात आलं असावं, कारण मग तिने त्याचा धड हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो मान हलवत होता. नाही, नाही. मग एकदा हो.

ती घरात आल्यावर मी सुनावलं. "माझ्या लढाईत तू भीक मागायला गेलीस?"

"तुम्हाला बाहेर पडता यावं म्हणून गेले होते."

"ते मी माझ्या हिमतीवर मिळवीन."

ती खुर्चीत बसली आणि बूट काढायला लागली. पायाला सूज होती, बूट निघेना. मला वाकता येत नाही, त्यामुळे मी नुसता बघत बसलो. शेवटी बूट निघाला तेव्हा ती म्हणाली, "मी दमले हो." एवढंच. आवाज तिचा वाटला नाही.

२० मार्च, संध्याकाळ

जिंकलो!

सगळं ताजं असतानाच लिहून काढतो. ही अजून यायची आहे, तोवर वेळही आहे.

पालिकेच्या ऑफिसातली खोली लहान, खुर्च्या कमी, पंखा घरघरणारा. टेबलामागे अधिकारी बाई, चष्मा कपाळावर. स्कूटर कंपनीचा एक गुळगुळीत माणूस, बाबागाडीवाली ती आई, ऑपरेटर, आम्ही दोघं आणि मागे थोडी मंडळी. माझी पाळी आली तेव्हा मी घोडी टेबलापर्यंत नेली आणि बोललो. काय बोललो! अकलेचं वाक्य म्हटलंच. मागून एकाने टाळी वाजवली.

मग बाबागाडीवाली उठली. तिचं म्हणणं, मी तिच्या बाळावर गाडी घातली. मी म्हटलं, बाई, आरशात बघून बोला. अधिकारी बाईंनी मला गप्प केलं. हे जरा लागलं.

मग ऑपरेटर. काठी टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मला एकच विचारायचं आहे. गाडी कुठली हा प्रश्न नाही. ती चालवणाऱ्याला..." इथे तो थांबला. खोलीत कुणीतरी श्वास आत ओढल्यासारखा आवाज झाला. तो त्या आवाजाच्या दिशेला तोंड करून थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "माझी हरकत भाड्याच्या स्कूटरना आहे. मास्तरांच्या खुर्चीला नाही." आणि बसला. घाम पुसत होता. माझं भाषण ऐकल्यावर आणखी काय बोलणार बापडा.

अधिकारी बाई हुशार. त्यांनी हिला उभं केलं. "घरच्या माणसाला विचारते. यांना खुर्ची नीट चालवता येते?"

हिने माझ्याकडे पाहिलं. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं, सभेत बोलायची सवय नाही, घाबरली. मग म्हणाली, "मी असते ना बरोबर."

"मी विचारलं ते वेगळं होतं," बाई म्हणाल्या.

"मी रोज बरोबर असते," ही पुन्हा म्हणाली.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, हिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग निकाल. भाड्याच्या स्कूटर फुटपाथवरून बंद. अपंगांच्या मोटरखुर्च्यांना परवानगी, चालत्या माणसाच्या वेगाने, घंटी लावून.

बाहेर पडलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रस्त्यावर संध्याकाळची गर्दी, बसमागून बस. फुटपाथ माझा. मी बटण कासवावरून सशाकडे फिरवलं. चूक होती, निकालात वेग सांगितला होता, पण तीस वर्षं नियम पाळले, एक दिवस माफ. ही डावीकडून म्हणाली, "अहो, हळू. मला पळवत नाही." म्हटलं, "आजच्या दिवशी पळ की जरा!" समोरून शाळेची पोरं येत होती. त्यांना वाट द्यायला मी व्यवस्थित बाजूला घेतली. घंटीही वाजवली. आरसा, इशारा, वळण. तेवढ्यात ही "अहो," म्हणाली, आणि पुढचं काही बोललीच नाही. घोडीला लहानसा हिसका बसला, फरशी उखडलेली असावी. मागे एका बसने करकचून ब्रेक मारला. काय ब्रेक मारतात! माझ्या विद्यार्थ्याने असा ब्रेक मारला असता तर खाली उतरवलं असतं. लोक ओरडायला लागले. कुठलीतरी भांडणं. "मास्तर! मास्तर!" असंही कुणीतरी ओरडलं. बातमी पसरली असणार. मी मागे न बघताच हात हलवला.

घरापर्यंत मी हिच्याशी बोलत आलो. ऑपरेटरचा चेहरा कसा पडला, बाई कशा खूश झाल्या. ती हूं की चूं करेना. रुसली असेल, म्हटलं. अकलेचं वाक्य गाळलं नाही म्हणून. फाटकाशी आल्यावर फाटक उघडायला कुणी येईना, तेव्हा कळलं की ही बरोबर नाहीच. फुलवालीकडे थांबली असेल. शेजाऱ्याने फाटक उघडलं, माझ्या किल्लीने दारही उघडून दिलं.

चहाची तल्लफ आलीय. ही अजून आली नाही. खिडकीबाहेरून माणसं पालिकेच्या दिशेने पळत जातायत.

दार वाजतंय. हिच्याकडे किल्ली आहे. ती दार वाजवत नाही.

२४ मार्च

ही आहे. जिवंत आहे.

खुब्याचं हाड मोडलंय, डोक्याला मार आहे. दोन दिवस डोळे उघडले नव्हते. बस तिच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबली. ज्याने ब्रेक मारला, त्याला मी इथे नावं ठेवली आहेत. ते खोडणार नाही.

लेक आली आहे. त्या दिवशी दार वाजवणारा ऑपरेटर होता. सुनावणीहून तो आमच्या मागून चालत येत होता. हिचं पडणं त्याने ऐकलं. 'मास्तर, मास्तर' तोच ओरडत होता.

२६ मार्च

लेकीशी भांडण.

ती म्हणते मी पाडलं. पोरांना वाट देताना मी डावीकडे आलो आणि हिला फुटपाथच्या कडेवरून रस्त्यात ढकललं. मी म्हटलं, माझं माणूस माझ्या गाडीखाली येतंय आणि मला कळणार नाही? मी काय दगड आहे? डावीकडे कुणी नव्हतंच.

"आई होती, बाबा."

"मला दिसली नाही."

"तेच तर."

मग ती उठली आणि खोलीतून गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला. "बाबा, मी कुठे आहे?"

मी बघितलं. खुर्ची रिकामी, दार, कपाट. "स्वयंपाकघरात," म्हटलं.

"नाही. नीट बघा."

"व्हरांड्यात."

"बाबा, मी तुमच्या शेजारी बसलेय. तुमचा हात माझ्या मांडीवर आहे."

मी हसलो. मग तिने माझी हनुवटी धरून तोंड फिरवलं, फिरवत फिरवत, मान दुखेपर्यंत. आणि ती तिथे होती. रडत होती. माझा लुळा हात तिने दोन्ही हातांत धरला होता. तिच्यामागे खिडकी होती, पडदा होता, टेबल होतं, टेबलावर हिचा चष्मा होता. एवढी मोठी बाजू होती खोलीला.

तिने हनुवटी सोडली. मान परत आपल्या जागेवर आली. आणि मला सगळं नीट, पूर्ण दिसायला लागलं. काहीही कमी नाही. भीती त्याचीच वाटली.

२९ मार्च

काय काय होतं तिकडे? बादली होती. बाबागाडी होती. खांब होता, तो तर पहिल्यापासून होता. त्या मुलीला मी वर शहाणपण शिकवलं! उद्या लेकीला तिचं घर शोधायला सांगणार आहे.

व्यायामवाली दाराबाहेर बोलत होती तो बिचारा पेशंट कोण, हे आज आंघोळ करताना कळलं. लेकीला हाक मारली. अंगावर पाणी तसंच.

ऑपरेटर भेटायला आला होता. काठी भिंतीला टेकवून बसला. मग म्हणाला, "मी सुनावणीत बोलायला हवं होतं. त्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, घरात बसवलं तर हे जगणार नाहीत, बाहेर मी सांभाळते."

मी म्हटलं, "तुम्ही बोलला असतात तर मी तुम्हाला आंधळा म्हणून हिणवलं असतं."

"ते तुम्ही तसंही हिणवलंत," तो म्हणाला. रागाने नाही. मग म्हणाला, "खुर्च्यांना बंदी करा असं मी आताही म्हणणार नाही, मास्तर. पण फुटपाथवर प्रत्येकजण कुणा दुसऱ्याच्या डोळ्यांवर चालत असतो. ते दुसरं कोण, हे तरी विचारून घ्यायला हवं."

घोडी व्हरांड्यात उभी आहे. लेकीला सांगितलं, कुणाला तरी देऊन टाक. माझ्यासमोरून नको नेऊस.

१८ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एवढंच की मी भिंतीकडे तोंड करून झोपलो नाही. व्यायामवालीने काठी हातात दिली आहे. पावलागणिक मान डावीकडे फिरवायची, असा धडा. विसरतो. दहादा सांगते, मी अकराव्यांदा विसरतो. आता माझ्यासारखा विद्यार्थी मला मिळाला असता तर काय केलं असतं, याचा विचार करतो.

आज ही घरी आली. ऑपरेशन झालंय, पण डॉक्टर म्हणतात वर्षभर तरी लांब चालायचं नाही, कदाचित पुढेही नाही. चेहरा एवढासा झालाय. लेक चहा करायला गेली तेव्हा मी विचारलं, "का नाही सांगितलंस मला?"

"रोज सांगत होते. तुम्ही ऐकत होतात की. ते दुसऱ्या कुणाबद्दल आहे असं तुम्हाला वाटायचं."

"गाडी काढून घ्यायची होतीस."

"घेणार होते. त्या दिवशी निकाल तुमच्याविरुद्ध गेला असता तर बरं झालं असतं, असं वाटत होतं. आणि बाईंनी विचारलं तेव्हा तोंडातून दुसरंच आलं." ती डोळे मिटून पडली. मग म्हणाली, "व्हरांड्यात गाडी दिसली नाही."

"दिली. म्हणजे उद्या नेणार आहेत. मागच्या खोलीत आहे."

"नाही म्हणून सांगा त्यांना. मी कशावर बसू मग?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लेकीच्याही नाही. परवानगी आहे, घंटी आहे, रुंद फुटपाथ आहे, आणि आता चालता येत नाही ते हिला.

२ मे

पहिल्यांदा दोघं बाहेर. ही घोडीवर, बटण कासवावर, दांडी अशी धरलेली, जशी उकळत्या दुधाची कढई. मी काठीवर. लेक मागून येते म्हणाली होती, हिने तिला घरीच थांबवलं.

फाटकाबाहेर येऊन मी हिच्या उजवीकडे उभा राहिलो. इतकी वर्षं गाडी शिकवताना मी कायम शिकणाऱ्याच्या शेजारीच बसलोय.

"तिकडे नको," ही म्हणाली. "तिकडे असलात तर मी तुमच्या डावीकडे येते. माझ्या डाव्या हाताला चाला. म्हणजे मी तुम्हाला दिसेन."

मी घोडीला वळसा घालून पलीकडे गेलो. खरंच, ती दिसली. पूर्ण दिसली. कानामागची नवी खूणही. आम्ही निघालो. ती हळूहळू, मी त्याहून हळू. मी तिच्याकडे बघत चालत होतो आणि ती माझ्यापलीकडे बघत होती, सतत, डोळे ताणून. मध्येच "थांबा" म्हणायची. मी थांबायचो. मध्येच "आता चला" म्हणायची. मी चालायचो.

पालिकेच्या ऑफिसपाशी वळलो. परतीच्या वाटेवर रस्ता डावीकडे येतो; मोटारींचा आवाज फार जवळून यायला लागला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्या पलीकडे काय आहे, ते मी तिला विचारलं नाही.